नावं ठेवणारा देवरे

देवरेला नावं ठेवायची सवय होती. दोन्ही अर्थांनी. वस्तू दिसली की तो तिला नाव द्यायचा, आणि माणूस दिसला की त्याच्यातली खोट काढायचा. आपल्या भाषेत या दोन्ही कामांना एकच शब्द आहे, हे त्याच्यामुळे माझ्या ध्यानात आलं.

गेल्या वर्षी तो गेला. आमच्या कामावरच्या भोयेनं फोन करून सांगितलं. त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे मला फारसे भेटले नाहीत, आणि वाईट बोलणाऱ्यांना तो नीट माहीत नव्हता. म्हणून लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. काही चुकलं असेल तर तो असता तर त्यानं नावं ठेवली असती, आता तुम्ही ठेवा. वयानं तो माझ्याहून बराच लहान, म्हणून एकेरीत लिहिते. तोंडावर मी त्याला देवरेभाऊ म्हणायचे आणि तो मला आक्का.

ओझरच्या पुढे, हायवेपासून जरा आत आमचं पॅकहाऊस. आमचं म्हणजे अण्णांचं. मी तिथं बायकांची मुकादम होते. थंडीपासून पाडव्यापर्यंत द्राक्षं, आणि पावसाळा सरला की डाळिंबं. शेतातून माल यायचा, बायका निवडायच्या, खोक्यात भरायच्या आणि माल थंड खोल्यांत जायचा. तिथून कंटेनरनं बंदरावर. अण्णा स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. बागेत वाढले, मग व्यापारात पडले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. थंड खोल्या सांभाळायला रामदास भोये होता, सुरगाण्याकडचा. पॅकहाऊसच्या मागच्या खोलीत तो बायको-मुलांसह राहायचा. त्यानं दोन वर्षं द्राक्षाच्या छाटण्या केल्या होत्या, जीपमध्ये उभं राहून गावोगाव फिरला होता. ही त्याची पहिली बारमाही नोकरी. ती गेली असती तर पुन्हा जीप.

अण्णांनी थंड खोल्यांची यंत्रं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, तेव्हा देवरे आला. जुन्या स्कूटरवर, मागे दप्तरासारखी पिशवी बांधून. मूळचा नामपूरचा, राहायला सातपूरला. तिथल्या एका कारखान्यात होता. तो बंद पडल्यावर स्वतःच फिरून अशी कामं करायचा. आल्या आल्या त्यानं आमच्या पाटीवरचं शुद्धलेखन चुकल्याचं सांगितलं. चहा दिला तर म्हणाला, साखर दुधाच्या आधी घातलीय. हे चवीवरून कसं कळतं ते मला आजही माहीत नाही. चहा करणारी शोभा त्या दिवसापासून त्याच्यावर डूख धरून होती. त्याच्या पाठीमागे ती त्याला 'नावठेवे' म्हणायची, आणि मग सगळ्याच म्हणायला लागल्या. त्याला ते कळलं. राग आला नाही. म्हणाला, "बरोबर ठेवलंय."

त्याचं काम मला कळलं ते आमच्या बिल्ल्यांमुळे.

सकाळी बायका आल्या की दारात पत्र्याचे बिल्ले वाटले जायचे. जी आधी येईल तिला एक, मागून येईल तिला दोन. खोकं भरलं की त्यावर आपल्या बिल्ल्याचा आकडा टाकायचा. एकदा अण्णांना भरलेल्या खोक्यात खराब माल सापडला. आकडा होता सातचा. त्यांनी सात नंबरच्या बाईला सगळ्यांसमोर झापलं. ती बिचारी त्या दिवशी सातवी आली होती; खोकं आदल्या दिवशीचं होतं आणि आदल्या दिवशी सातवी दुसरीच कोणी होती. ती बाई रडत होती आणि मी अण्णांना समजावत होते. देवरे कोपऱ्यात वायर सोलत बसला होता. तो उठून आला आणि म्हणाला, हाच घोळ माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात आहे.

मग त्यानं मला सांगितलं. मला समजलं तसं लिहिते. त्याच्या कॉम्प्युटरात लिनक्स म्हणून होतं. त्यात जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या नावाची एक फाईल असते. थर्मामीटर जोडा, प्रिंटर जोडा, त्या वस्तूशी बोलायचं तर त्या नावानंच बोलायचं. फार पूर्वी म्हणे सगळ्या नावांच्या फायली आधीच करून ठेवलेल्या असायच्या, वस्तू घरात असो वा नसो. म्हणजे पाहुणे आले नाहीत तरी पानं मांडलेली. नंतर सुधारणा झाली. वस्तू जोडली की नाव तयार होतं, काढली की नाव पुसलं जातं. पण ते नाव आमच्या बिल्ल्यासारखंच. आधी ओळख लागली त्याला शून्य, मागून लागली त्याला एक. वीज जाऊन आली की सगळ्या वस्तू पुन्हा दारात उभ्या, आणि या वेळी कोण आधी येईल याचा भरवसा नाही. काल शून्य असलेला आज एक.

यावर उपाय म्हणजे दारात एक जाणता बसवायचा. तो आलेल्याचा क्रम बघत नाही, ओळख बघतो, आणि त्यावरून कायमचं नाव देतो. कोणाला कोणतं नाव द्यायचं याचे नियम आपण त्याला लिहून द्यायचे. त्या जाणत्याचं नाव यूडेव्ह.

बायकांनी ते 'यूदेव' ऐकलं. शोभा म्हणाली, हा कुठला नवा देव काढला? भोये हसत म्हणाला, "आमच्याकडं डोंगऱ्यादेव हाय, वाघदेव हाय. यूदेव नव्हता तेवढा."

देवरे न हसता म्हणाला, "हा नावं ठेवणारा देव. याला नवस चालत नाही, नियम चालतो."

त्याच आठवड्यात मी अण्णांकडून कायमचे बिल्ले करून घेतले. बाई कधीही येवो, तिचा आकडा तिचाच. पण देवरेनं त्यालाही नावं ठेवली. म्हणाला, आकडा कशाला, नाव लिहा. मी म्हटलं, आमच्यात मंगल पाच आहेत. यावर तो परत वायर सोलायला बसला. 

आपल्या वस्तूंना मात्र त्यानं आकडे दिले नाहीत. शेतातून आलेला गरम माल आधी ज्या खोलीत निवायला ठेवतात, त्या खोलीच्या थर्मामीटरला त्यानं 'गोदा' नाव दिलं. निवलेला माल ज्या खोलीत साठवतात, तिथल्याला 'मोसम'. मोसम ही त्याच्या नामपूरची नदी. लेबलं छापायचा प्रिंटर उरला होता. त्याचं नाव ठेवायचा मान त्यानं भोयेला दिला. भोये लाजला आणि म्हणाला, 'नार'. बायका फिदीफिदी हसल्या. नार ही सुरगाण्याची नदी आहे हे देवरेनंच त्यांना सुनावलं. पण पुढे प्रिंटर अडकला की 'आज नार रुसली' हे चालूच राहिलं.

नाव बरोबर बसलं की नाही हे तपासायची त्याची रीत साधी होती. तो कॉम्प्युटरजवळ बसायचा आणि भोयेला थंड खोलीत पाठवून थर्मामीटर मुठीत धरायला सांगायचा. मुठीच्या उबेनं आकडा चढायचा. मग हा इथून ओरडायचा की मोसम तापली, आणि तो तिथून ओ द्यायचा. मग वायर काढ, घाल, वीज बंद कर, चालू कर, पुन्हा मूठ धर. भोयेचे हात गारठून निळे पडायचे. देवरे त्याला म्हणायचा, मूठ सैल धरलीस.

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याजवळ डबा उघडायचा. बायकोनं दिलेल्या भाजीला नावं ठेवत सगळी भाजी संपवायचा. एकदा त्यानं लग्नातली गोष्ट सांगितली. लग्नानंतर नवरीचं नवं नाव तांदळाच्या ताटात लिहायचं असतं. सगळे वाकून बघत होते, नवरदेव काय लिहितो. यानं अंगठीनं तिचं माहेरचंच नाव लिहिलं. भटजी म्हणाले, हे नाही, नवं. हा म्हणाला, हिला हेच नाव आहे. मावश्या-आत्या रागावल्या, सासरे गोंधळले, जेवणं खोळंबली. ऐकून मी विचारलं, बायकोला आवडलं का? तो म्हणाला, ती अजून बोलते की तिला नवं नाव हवं होतं, तिनं मनात ठरवूनही ठेवलं होतं. मला हसू आलं. माझंही नाव लग्नात बदललं. त्यानं माझं काही बिघडलं नाही. हाक मारली की ओ द्यायची, एवढंच. पण हे देवरेला पटण्यासारखं नव्हतं. त्याचं म्हणणं एकच: जागा बदलली म्हणून नाव बदलू नये.

आणि नेमकं तेच त्याला करावं लागलं.

त्याचा यूडेव्ह वस्तू ओळखायचा ती तिच्या पोटातल्या नंबरावरून. थर्मामीटर कॉम्प्युटरला जोडायच्या ज्या वायरी असतात, त्यातल्या चांगल्या वायरींना असा आपापला नंबर असतो. अण्णांनी बाजारातून ज्या आणल्या होत्या त्यांना तो नव्हताच. दोन्ही सारख्या, जुळ्या. देवरेनं नावं ठेवली, दुसऱ्या मागवा म्हणाला. अण्णा म्हणाले, आत्ता माल दारात आहे, यावर चालवा, मग बघू. देवरे दोन दिवस कुरकुरला आणि मग नमला. वस्तू ओळखता येत नाही म्हटल्यावर त्यानं जागेवरून नावं दिली. कॉम्प्युटरच्या वरच्या भोकात जी वायर असेल ती गोदा, खालच्या भोकात असेल ती मोसम. वीज जावो, येवो, भोकं हलत नाहीत. फक्त वायरी जिथल्या तिथं राहिल्या पाहिजेत. त्यानं भोयेला बजावलं, या दोन वायरींना हात लावायचा नाही. भोये हो म्हणाला.

भोयेनं शब्द पाळला. हंगामभर त्यानं त्यांना बोट लावलं नाही. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. वजनकाटे, कंप्रेसर, ट्रॉल्या, कात्र्या, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. पॅकहाऊसमध्ये त्या दिवशी काम अर्धंच. भोयेनं कॉम्प्युटर बाहेर ओढला, धूळ झाडली, वायरी काढून पुसल्या, पुन्हा लावल्या, वर हळदीची बोटं उठवली. यूदेवालाही फूल वाहिलं, हे मी पाहिलं. पूजेसाठी पुसणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, असं आपल्यात सगळेच धरतात. मीही तसंच धरलं असतं.

वरची वायर खाली गेली, खालची वर.

त्या दुपारी शेतातून डाळिंबं आलेली, अजून उन्हानं गरम. ती निवायच्या खोलीत होती. पण कॉम्प्युटरला वाटलं, साठवणीची खोली तापली. निवायच्या खोलीचं यंत्र त्यानं थांबवलं, म्हणून तिथला माल गरमच राहिला, आणि साठवणीच्या खोलीचं चालू केलं ते केलंच. थंडी वाढत गेली तरी त्याला कळेना, कारण तो बघत होता भलत्याच खोलीकडे. दुसरा दिवस दसऱ्याचा, सुट्टी. भोयेनं संध्याकाळी पडद्यावर पाहिलं, मोसम गरम दाखवतेय आणि यंत्र चालू आहे. म्हणजे सगळं रीतसर चाललंय, असंच कोणालाही वाटलं असतं.

सुट्टीनंतर दार उघडलं तर मागच्या रांगांतली डाळिंबं दगड झालेली. बाहेर काढल्यावर ती पाणावली, सालं तपकिरी पडली, दाणे उकडल्यासारखे फिके. कंटेनर यायचा होता तो परत पाठवावा लागला.

अण्णा आले, खोलीत गेले, बाहेर आले. त्यांना वायरींचं कळत नव्हतं, पण हळदीची बोटं दिसली. त्यांनी भोयेला बोलावलं. आम्ही सगळ्या निवडणीच्या टेबलाशी उभ्या होतो, हात थांबले होते. अण्णांनी विचारलं, वायरी काढल्या होत्यास का? भोये म्हणाला, पुसून परत लावल्या. अण्णा म्हणाले, संध्याकाळपर्यंत खोली मोकळी कर. ते इतकंच बोलून थांबले नाहीत. या रस्त्यावरच्या एकाही कोल्ड स्टोरेजमध्ये तुला उभं राहू देणार नाही, हेही म्हणाले. आणि ते खरं होतं, सगळे मालक एकमेकांना ओळखत होते. भोयेची बायको दारात येऊन उभी राहिली होती. भोये खाली बघत होता. 

देवरेला अण्णांनी यंत्र तपासायला बोलावलं होतं. तो वायरी बघून आला होता आणि मागे उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं गप्प राहायला काहीच हरकत नव्हती. त्यानं बजावलं होतं, भोयेनं हो म्हटलं होतं, मी साक्षीला होते. तो पुढे आला. रागावला की त्याच्या तोंडी गावची भाषा यायची.

"हाई मन्ही चूक शे," तो म्हणाला. "त्यानी नही."

अण्णा म्हणाले, तुम्ही मध्ये पडू नका, तुम्ही तर त्याला सांगितलं होतं.

"सांगितलं होतं," देवरे म्हणाला. "पण खंडेनवमी दर वर्षी येते, अण्णा. ती मला माहीत होती. नियम लिहिताना मी ती धरली नाही. वायर कोण आहे ते न विचारता कुठं बसलीय ते विचारलं. हे काम कच्चं आहे, हे मला करतानाच ठाऊक होतं."

अण्णांनी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? देवरे म्हणू शकला असता की बोललो होतो, वायरी तुम्हीच आणल्या. तो म्हणाला, बोललो, पण अडून बसलो नाही. नावं ठेवली आणि कामाला लागलो. त्याला अर्थ नसतो.

अण्णांना राग काढायला माणूस हवा होता, तो मिळाला. ते देवरेला जे बोलायचं ते बोलले. ते मी इथं लिहीत नाही. देवरे एकदाच मध्ये बोलला, तेही अण्णांचा एक शब्द चुकला म्हणून. शेवटी ठरलं ते असं: भोये राहिला, देवरेनं पुन्हा या दारात यायचं नाही.

तो म्हणाला, घोळ निस्तरून जातो. अण्णा नको म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो नंबरवाल्या वायरी घेऊन आला, नियम नव्यानं लिहिले, आणि भोयेला म्हणाला, आता कुठल्याही भोकात खुपस. भोयेनं वायरी उलट्यापालट्या करून पाहिल्या. गोदा गोदाच राहिली, मोसम मोसमच. भोयेला काहीतरी बोलायचं होतं. त्याचे ओठ हलले. देवरेनं त्याला ते बोलूच दिलं नाही. म्हणाला, हळद ओली लावतोस, यंत्राला कोरडी लावावी.

मला तेव्हा त्याचा राग आला होता. घरी बायको, मुलगी कॉलेजात, आणि हा दुसऱ्याची चूक अंगावर घेतो. मी त्याला तसं म्हणालेही. तो म्हणाला, आक्का, अर्धी त्याची होती, मान्य. पण अर्धी चूक सांगितली असती तर अण्णांनी दोघांनाही काढलं असतं. हे त्यानं इतक्या कोरडेपणानं सांगितलं की त्यात चांगुलपणा किती आणि हिशेब किती, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. नुसत्या चांगुलपणावर माझा तसाही विश्वास नाही.

बातमी रस्त्याला लागली. देवरेनं अमक्याचा माल गोठवला, आणि तो स्वतःच कबूल झाला. इतर कोल्ड स्टोरेजवाल्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. सातपूरला दुकानांचे प्रिंटर जोडून दे, कोणाचं बिलाचं मशीन लावून दे, अशी किरकोळ कामं तो करायला लागल्याचं कानावर आलं. भोये तोंड मिटून काम करत होता. देवरेचं नाव निघालं की तो उठून खोलीत जायचा. बायका म्हणायच्या, ज्यानं वाचवलं त्याच्यासाठी एक शब्द नाही निघाला याच्या तोंडून. मी त्यांना गप्प करायचे. ज्याला जीपमध्ये परत चढायचं नाही, त्यानं काय बोलावं हे टेबलाशी बसून ठरवता येत नाही.

पुढच्या द्राक्षांच्या हंगामात, एका दुपारी, आमच्या भागातली वीज गेली. चांगली तास-दीड तास गेली, मग आली. आली त्यानंतर थोड्याच वेळात फाटकाशी स्कूटरचा आवाज आला. देवरे होता. पिंपळगावाकडे कुठल्या कामाला गेला होता म्हणे. वाटेत वीज गेल्याचं कळलं. वॉचमननं त्याला अडवलं. त्याला तसा हुकूम होता. देवरेनं वाद घातला नाही. तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि आमच्या छपराकडे बघत राहिला, जणू छपरावर काही लिहिलेलं होतं.

अण्णा वरच्या ऑफिसच्या गॅलरीत आले होते. भोयेनं त्यांना पाहिलं. मग तो ट्रॉली सोडून, अंगणातून, त्यांच्या डोळ्यांसमोर सरळ फाटकाकडे चालत गेला.

ते दोघे काय बोलले ते मला टेबलापाशी ऐकू आलं नाही. नंतर भोयेनं सांगितलं. देवरेनं विचारलं, मघाशी वीज आली तेव्हा काय झालं? भोये म्हणाला, काही नाय झालं. गोदा, मोसम, कोणी हललं नाही? कोणी हललं नाय. बास, एवढंच. मग देवरेनं फाटकाच्या बिजागरीला तेल नसल्याचं वॉचमनला सांगितलं आणि स्कूटरला किक मारली.

भोये परत फिरला तेव्हा अण्णांनी वरून विचारलं, कोण आलं होतं?

"देवरे साहेब," भोये म्हणाला. "मीच बोलावलं होतं त्यांना."

त्यानं बोलावलं नव्हतं.  अण्णा आत गेले.

मी फाटकाकडे पाहिलं. देवरे हायवेच्या तोंडाशी थांबला होता, एक पाय जमिनीला टेकवून. ट्रकमागून ट्रक जात होते आणि त्याला पलीकडे जायला फट मिळत नव्हती. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग एक लांबच लांब कंटेनर मध्ये आला, आणि कंटेनर गेला तेव्हा तिथं कोणी नव्हतं; स्कूटर पलीकडच्या रस्त्याला लागली होती.